दोन बोटांची ढिलाई

शनिवारच्या बाजाराहून गुआयाबाल वाडीला परतताना एवेलिओ आर्बेलाएसची जीप चढावर गचके द्यायची, तेव्हा मागे बसलेली माणसं जीपला शिव्या घालायची. एवेलिओला नाही, जीपलाच. हिची हाडं खिळखिळी झालीत, हिला मोडीत काढा, हिच्यापेक्षा खेचर बरं, असं काय काय. आपल्या जीपला कोणी नावं ठेवली की एरवी एवेलिओच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. गेल्या सव्वा वर्षात मात्र त्याला त्या शिव्या गोड लागायला लागल्या होत्या. त्याचं कारण त्याच्या उजव्या बुटात होतं.

पाय झोपला होता. साखरेचा आजार जुना. आधी अंगठा बधिर झाला, मग चवडा, आणि आता टाचेपर्यंत सगळा पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. पाय पेडलवर आहे की बाजूला, हे खाली बघितल्याशिवाय कळत नसे, आणि बाजाराच्या गावाहून, पिहाओहून, वर चढणाऱ्या रस्त्यावर खाली बघायला सवड नसते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट नदी. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. बायको गेल्यापासून घरात सांगण्यासारखी एकटी मुलगी, यामिले, आणि तिला सांगणं म्हणजे किल्ली तिच्या हातात देणं. अडतीस वर्षं तो ही जीप चालवत होता. सकाळी कॉफीची पोती, केळीचे घड आणि माणसं खाली न्यायची, दुपारी तांदूळ, गूळ, खत आणि तीच माणसं वर आणायची. हे काढून घेतलं तर उरतं काय, तर एक ओसरी आणि ओसरीवरची खुर्ची. त्या खुर्चीची त्याला नदीपेक्षा जास्त भीती वाटायची.

तेव्हा दोष जीपचा निघावा, अशी त्याची मनापासून इच्छा होती. आणि गंमत अशी, की जीपचा दोष होताच.

चोपन्न सालची विलिस ती. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या लोखंडी दांड्या. पेडल दाबलं की पहिली दांडी एका तिकोनी पट्टीला ढकलते, पट्टी खिळीवर फिरून दुसरी दांडी ओढते, आणि ती दांडी कार्बोरेटरचं तोंड उघडते. जिथे जोड आला तिथे भोक आणि पिन आली. इतक्या वर्षांत ती भोकं झिजून लांबट झाली होती. एका जोडातली पिन जाऊन तिथे दाराचा खिळा आला होता, दुसऱ्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला. पेडल पहिली दोन बोटं नुसतंच खाली जायचं, इंजिनाला पत्ताच नसायचा, आणि मग सगळं एकदम पकडायचं. जीप उडी मारायची, उडीने एवेलिओचा पाय सुटायचा, जीप मान टाकायची, पाय पुन्हा पडायचा, की परत उडी. वाडीला पोहोचेपर्यंत माणसांची आतडी जागा सोडायची.

यामिलेला मात्र दांडीची कथा पटत नव्हती. बाई छत्तीस वर्षांची, कॉफीच्या तोडणीच्या दिवसांत ट्रक चालवणारी, आणि चालवायला शिकली होती ती याच जीपवर. दर शनिवारी रात्रीच्या जेवणाला तिचा तोच विषय. एका शनिवारी कोणाचा तरी कोंबड्यांचा पिंजरा गचक्याने रस्त्यावर पडला, आणि त्या दिवशी ती चुलीपाशी उभी राहून स्पष्टच बोलली.

"अप्पा, दांडी नाही. पाय आहे तुमचा."

"माझा पाय तुझ्या जन्माआधीपासून त्या पेडलवर आहे."

"तेच म्हणतेय मी."

एवेलिओ भडकला. रागाच्या भरात माणूस नको ते बोलून बसतो, तसा तोही बोलला. ओतोनिएलकडून सगळ्या दांड्या नव्या करून घेतो, म्हणाला, आणि त्यानंतर भरल्या जीपला एक जरी गचका बसला तरी किल्ली तुझी. यामिलेने लगेच हात पुढे केला. तव्यावरची मक्याची अरेपा उलटायच्या आत त्याला पस्तावा झाला होता, पण हातावर हात मारून झाला होता.

ओतोनिएल हा त्याचा कोम्पाद्रे, म्हणजे मुलीचा धर्मबाप. यामिलेला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच मांडीवर घेतलं होतं. पिहाओत फुटबॉलच्या मैदानामागे त्याचं गॅरेज होतं, आणि स्वभाव असा की गाडीच्या मालकाने गाडीबद्दल बोललेलं त्याला खपत नसे. गाडीला काय झालंय हे गाडी सांगेल, तू कॉफी पी, असं म्हणून तो माणसाला बाकावर बसवायचा. गुरुवारी आणि शुक्रवारी एवेलिओने त्या बाकावर बसून चौदा पेले कॉफी प्यायली. ओतोनिएलने खिळा आणि ट्यूबचा तुकडा दोन बोटांत धरून त्याला दाखवला आणि कचऱ्यात टाकला. भोकं मोठी करून त्यांत पितळी बुश ठोकले. पिना लेथवर नव्या कातल्या. वाकलेली दांडी ऐरणीवर सरळ केली आणि तिच्या टोकाला आटे पाडले, म्हणजे लांबी कमीजास्त करता येईल. स्प्रिंगही नवी घातली. काम झालं तेव्हा त्याने पेडलला करंगळी लावली आणि पलीकडे कार्बोरेटर हलला.

"आता एवढीसुद्धा ढिलाई नाही," तो म्हणाला. "पेडलवर माशी बसली तरी इंजिनाला कळेल."

एवेलिओने वा वा केलं. ओतोनिएलच्या रिवाजाप्रमाणे पहिली फेरी त्याने स्वतःच मारली. चौकाला तीन वेढे घातले, जीप लोण्यासारखी चालली. एवेलिओ शेजारी बसला होता. मला दे, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. उद्या बघू, आज पाय दमलाय, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली. दिवसभर बाकावर बसून पाय कशाने दमला, हे काही त्याने स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी वाडीची माणसं दुसऱ्यांच्या जीपांत दाटीवाटीने खाली आली, आणि दुपारी मात्र झाडून सगळी चौकात त्याच्याच जीपभोवती जमली. पैज एव्हाना सगळ्यांना ठाऊक होती. सामान चढलं. तांदूळ, मीठ, खताच्या गोण्या, गॅसचं सिलिंडर, एक गादी, आणि वर अकरा माणसं. पुढे एवेलिओच्या शेजारी नेहमीप्रमाणे दोन्या तुलिया, वय बाहत्तर, वाडीतल्या निम्म्या बाळंतपणांना हिचेच हात लागलेले. मागच्या टोकाला हिल्दार्दो, शंभराच्या वर किलोचा. यामिले खाली उभी राहिली, हाताची घडी घालून.

एवेलिओने क्लच सोडला. जीपने उडी मारली. मग दुसरी, मग तिसरी, आणि अशा उड्या मारत ती अर्धा चौक ओलांडून चर्चच्या पायऱ्यांपाशी बंद पडली. कबुतरं उडाली. बाकांवरच्या म्हाताऱ्यांना महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. यामिले चालत आली आणि तिने तळहात पुढे केला.

एवेलिओ सीटवरून खाली उतरला. म्हणाला, "तू चालव. तू चालवून नीट चालली तर किल्ली घे."

यामिले चढली. जीपने तिच्याही हाताखाली तशाच उड्या मारल्या, फळवाल्याच्या गाड्यापर्यंत. चौकात हशा पिकला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसला एवेलिओ. त्याच्या जिवात जीव आला. पोरीचे दोन्ही पाय धडधाकट, आणि तरी गचका. देवाने ऐकलं. त्याला फळवाल्याला मिठी मारावीशी वाटली.

हसला नाही तो फक्त ओतोनिएल. त्याचं काम चौकात, सगळ्यांच्या देखत नापास झालं होतं. तो जीपखाली सरपटला आणि बराच वेळ त्याचे बूट तेवढे दिसत राहिले. बाहेर आला तो स्वतःलाच शिव्या घालत. चाळीस वर्षं तो आणि त्याच्या आधी त्याचा बाप विलिसच्या दांड्या लावत आले होते, आणि चाळीस वर्षं रिकाम्या जीपला लावत आले होते. गॅरेजमध्ये जीप रिकामीच येते, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पण अकरा माणसं आणि सहा गोण्या चढल्या की वरचं धूड मागे बसतं, इंजिन आपल्या जागी राहतं, आणि मधली दांडी ताणली जाते. पेडलला कोणी शिवलं नाही तरी कार्बोरेटर उघडा. जुन्या दांडीत इतकी ढिलाई होती की हा ताण त्या ढिलाईतच जिरून जायचा. नव्या दांडीत जिरायला जागाच नव्हती.

"रिकामी विलिस या डोंगरात बघितलीय कोणी कधी?" त्याने चौकाला विचारलं. मग पाना घेऊन म्हणाला, "कोणी खाली उतरायचं नाही. आहात तसे बसा. भरल्या जीपलाच माप घेतो."

मग सव्वा तास ती जीप चौकात भर उन्हात उभी होती आणि अकरा माणसं तिच्यावर वजनं म्हणून बसून होती. ओतोनिएल बॉनेटखाली डोकं घालून आटे फिरवायचा, अर्धा वेढा इकडे, पाव वेढा तिकडे, आणि मधून ओरडायचा की कोण हललं. एकाने खालून ओटचं थंडगार पेय मागवलं, ते हातोहात वर गेलं. हिल्दार्दोने सकाळपासून तीन बिअर घेतल्या होत्या आणि त्याला जायचं होतं. ओतोनिएल म्हणाला, खुशाल जा, पण तुझ्याएवढं वजन ठेवून जा. शेवटी लॉटरीची तिकिटं विकणारा किडकिडीत माणूस आणि त्याच्या मांडीवर मिठाचं पोतं, असा जोड बसवला, तेव्हा हिल्दार्दोची सुटका झाली, आणि परत आल्यावर तो पुन्हा आपल्या जागी बसला. दोन्या तुलिया पुढच्या सीटवर ताठ बसून होती. तिने पाणीसुद्धा मागितलं नाही.

एवेलिओ खाली उभा राहून मजेत सगळ्यांशी गप्पा मारत होता. सांगत होता, मी म्हणत नव्हतो, दांडीच. त्याने ते इतक्या वेळा सांगितलं की त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं.

ओतोनिएलने बॉनेट बंद केलं आणि यामिलेला चढायला सांगितलं. तिने क्लच सोडला. जीप हलली, आणि हलली तेव्हा कोणाच्या हातातलं पेयसुद्धा हिंदकळलं नाही. चौकाला पूर्ण फेरी झाली, चर्चच्या बाजूचा चढ धरून. टाळ्या पडल्या. ओतोनिएल शर्टाला हात पुसत होता आणि आपल्याला काही विशेष वाटलं नाही असं दाखवत होता.

यामिले उतरली. "घ्या अप्पा," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. बाप जिंकला म्हणून तिला बरंच वाटत होतं.

एवेलिओ बसला. खाली बघून उजवा पाय पेडलवर ठेवला. मग वर बघितलं आणि क्लच सोडला. जीपने उडी मारली.

पहिल्याएवढी मोठी नाही. पण मारली, आणि पाठोपाठ दुसरी. एवेलिओने ब्रेक दाबून जीप उभी केली. या वेळी कोणी हसलं नाही. अकरा माणसांपैकी एकानेही जीपला शिवी दिली नाही, आणि ती नेमकी त्याच क्षणी त्याला हवी होती.

ओतोनिएल त्याच्या बाजूने आला आणि चाकाकडे बघण्याचा बहाणा करून खाली उकिडवा बसला. जीपला दार नव्हतं. एवेलिओचा बूट त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"पाय केव्हापासून झोपलाय, कोम्पाद्रे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कोण म्हणतं?"

"माझी दांडी म्हणते. ती आता खोटं बोलत नाही."

ओतोनिएलने मान वर न करताच पुढचं सांगितलं. आधीच्या दोन बोटांच्या ढिलाईत त्याच्या पायाचं मेलेलं वजन पडून राहायचं आणि इंजिनापर्यंत अर्धंच पोहोचायचं. आता पाय जेवढा चुकेल, तेवढं सगळं जीप बोलून दाखवणार. आणि मग, आणखी हळू, तो म्हणाला, "एक बारीक पिन टाकली की ढिलाई परत येते. दोन मिनिटांचं काम. गचका राहील, पण जुन्यासारखा. सगळे जीपलाच नावं ठेवतील. यामिलेला मी सांगेन, बुश नवे आहेत, बसायला वेळ लागतो."

ओतोनिएल कामात खोट ठेवायला तयार झाला होता. चाळीस वर्षांत हे त्याने कोणासाठी केलं नव्हतं, आणि ते एवेलिओला पुरतं माहीत होतं. दोन मिनिटं. दोन मिनिटांत आणखी एक वर्ष मिळत होतं, कदाचित दोन. त्याने आरशात बघितलं. मागे दहा माणसं, आणि दहाही भलतीकडेच बघत होती, कोणी चर्चकडे, कोणी आपल्या नखांकडे. आरशात मागच्या टोकाला हिल्दार्दोचं धाकटं पोर गादीवर झोपलं होतं. ते पोर त्याने आधी पाहिलंच नव्हतं. अकरांत ते धरलेलंही नव्हतं.

"नको," एवेलिओ म्हणाला. "एवढं चांगलं काम केलंस. ते बिघडवू नकोस."

त्याने किल्ली काढली, दोन्ही हातांनी जीपला धरून खाली उतरला आणि यामिलेच्या हातावर किल्ली ठेवली. मग सगळ्यांकडे वळला. त्याला वाटलं, आता सांगितलं नाही तर पुढच्या शनिवारी सांगणं होणार नाही.

"पाय झोपलाय माझा," तो म्हणाला. "सव्वा वर्ष झालं. दांडीचा दोष निम्माच होता."

कोणी दचकलं नाही. कोणी तोंडावर हातसुद्धा नेला नाही. दोन्या तुलियाने तेवढी मान वळवली.

"निम्मासुद्धा नव्हता," ती म्हणाली. "गेल्या वर्षी इस्टरच्या आधी माझी मक्याची लोखंडी चक्की तुझ्या पायावर पडली. सहा किलोची. तू माझ्याशी पावसावर बोलत होतास, बोलतच राहिलास. त्याच संध्याकाळी मी वाडीत सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्यांना?" यामिले म्हणाली. "आणि मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी किल्ली हिसकावून घेतली असतीस, पोरी. ती त्याने द्यायची होती."

"आणि जीप नदीत गेली असती तर?"

यामिले भडकली होती, आणि तिचं चूक नव्हतं. दोन्या तुलियाला त्यावर उत्तर द्यावं लागलं. एवेलिओच्या सीटजवळ, डॅशखाली हँडब्रेकची मूठ होती. तिने त्या मुठीवर हात ठेवून दाखवला. सव्वा वर्ष, दर शनिवारी, वर जाताना आणि खाली येताना, माझा हात इथे आहे, ती म्हणाली. एवेलिओला वाटायचं, म्हातारी पडू नये म्हणून धरून बसते. आणि हिल्दार्दोला आम्ही मागच्या टोकाला बसवतो ते काही तो जाडा आहे म्हणून नाही, असंही तिने सांगितलं. हिल्दार्दोने काही न बोलता गादीखाली हात घातला आणि लाकडाची एक मोठी पाचर काढून दाखवली. चाकामागे लावायची. जीप मागे घरंगळायला लागली की उडी मारून पाचर घालायची, हे त्याचं काम. पाच-सहा वेळा घातलीही होती. एवेलिओला वाटलं होतं, जीप आपल्याच पायाने थांबली.

एवेलिओला रडू आलं, आणि चौकात रडू आलं म्हणून रागही आला. सव्वा वर्ष तो या माणसांना फसवत होता असं त्याला वाटत होतं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, की मग बसत का होतात.

हिल्दार्दोने पाचर परत गादीखाली सरकवली. अमुक जीपमध्ये का बसतो, हा काही त्यांनी कधी विचार करून ठरवलेला विषय नव्हता.

"चढा आता," यामिले म्हणाली. तिने नाक पुसलं होतं. "सोमवारी तुम्हाला शहरात मोठ्या दवाखान्यात नेणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय. आणि तुम्ही सगळे, तुमच्याशी मी वाटेत बोलणार नाहीये."

दोन्या तुलिया सरकली आणि तिच्या पलीकडे एवेलिओ बसला. अडतीस वर्षांत भरल्या जीपमध्ये त्या बाजूला तो पहिल्यांदाच बसत होता आणि पाय कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. यामिलेने जीप चालू केली. ओतोनिएलने बॉनेटवर थाप मारली आणि मागे न बघता गॅरेजकडे चालायला लागला. चौक संपला, पूल संपला आणि चढाला जीप लागली, गचका न देता. तरी दोन्या तुलियाचा हात सवयीने हँडब्रेककडे गेलाच. एवेलिओने तो मनगटाला धरून उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"राहू द्या आता," तो म्हणाला. "पोरीचा पाय जागा आहे."

म्हातारीने आपला तळवा दुसऱ्या हाताने चोळला. मुठीचा वळ त्यावर कायमचा पडला होता.